डुकराचं काळीज जरा पुढे असतं

फेब्रुवारीच्या अखेरीस एका सकाळी कॉन डिलेनींच्या कुरणातला एक पट्टा कुणीतरी नांगर फिरवल्यासारखा दिसला. गवताच्या लाद्या उलट्या पडलेल्या, खालची काळी माती वर आलेली. पद्मजा कुंपणापाशी उभी राहून बघत होती. कॉन खाली वाकले, एका खळग्यात बोटं घालून पाहिली आणि म्हणाले, "बॅजर नाही हा. ते बिळातलं जनावर एवढी मेहनत घेत नाही."

उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. डोंगरापलीकडे एका हौशी माणसानं रानडुकराच्या संकराची डुकरं पाळली होती. वादळात झाड पडून त्याचं कुंपण तुटलं आणि एक नर निसटला. त्या माणसानं पिंजरे लावून पाहिले आणि शेवटी हात टेकले. वन्यजीव खात्याचा रेंजर येऊन खुरांचे ठसे बघून गेला. जाताना तो म्हणाला, हे जनावर इथलं नाही, मोकळं राहिलं तर त्रासच देईल. जमिनीच्या मालकाची परवानगी आणि परवान्याची रायफल ज्याच्याकडे असेल त्यानं ते मारावं.

जमीन कॉनची. आणि परवान्याची रायफल त्या टापूत ज्या मोजक्या माणसांकडे होती, त्यांत पद्मजा एक.

हे नागपूरच्या नातेवाइकांना सांगितलं असतं तर कुणाचाही विश्वास बसला नसता. पद्मजा एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करायची. नवरा इंद्रनील राजधानीलगतच्या ब्लँचर्डस्टाउनच्या ऑफिसात आठवड्यातले निम्मे दिवस जाऊन यायचा. किलकेनीबाहेरचं हे घर त्यांनी भाडं परवडतं म्हणून घेतलं, आणि शेजार म्हणून कॉन मिळाले. पंचाहत्तरीला टेकलेले, ताडमाड उंच, एकटे, मेंढ्या राखणारे. एकदा बोलता बोलता पद्मजानं सांगितलं की शाळेत असताना ती एनसीसीत रायफल चालवायची, आणि बरी चालवायची. पुढच्याच शनिवारी कॉन तिला नेमबाजीच्या क्लबात घेऊन गेले. पालथं पडून दस्ता खांद्याला लावला तेव्हा मधली वीस वर्षं कुठे गेली हे तिला कळलंच नाही. पुढे त्यांनी तिला डोंगरात हरणांमागे नेलं. वारा कसा ओळखायचा, कधी थांबायचं, पाडलेलं जनावर वाया न घालवता कसं सोलायचं, सगळं शिकवलं. तिची स्वतःची रायफल आली, टू-फोर-थ्री, हरणांपुरती हलकी.

सगळं गाव त्यांना नुसतं कॉन म्हणायचं. पद्मजाही तोंडानं तसंच म्हणायची, पण मनातल्या मनात क्रियापद अनेकवचनीच लागायचं. घरात तर ते कॉनकाकाच होते.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर कॉनना अर्धांगाचा सौम्य झटका आला. हातपाय सावरले, बोलणं सावरलं. नजर थोडी अंधुक झाली आहे, एवढंच ते सांगायचे. डॉक्टरांनी पुन्हा तपासेपर्यंत गाडी आणि बंदूक दोन्ही बंद ठेवायला सांगितलं होतं. कॉननी रायफल आपण होऊन शहरातल्या बंदूकवाल्या नोएलच्या दुकानात ठेवायला दिली. तपासणीला मात्र ते गेलेच नाहीत. कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "ग्रँड आहे मी," म्हणजे अगदी ठणठणीत.

"तुझी टू-फोर-थ्री नको," डुकराचं कळल्यावर ते म्हणाले. "मरतं तिनं, नाही असं नाही. सगळं मनासारखं जुळून आलं तर मरतं. पण नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेची ढाल असते, बोटाच्या पेराएवढी जाड. चिखलात लोळून लोळून वर आणखी लेप. हलकी गोळी तिथेच फुटली तर जनावर जखमी होऊन पळतं, आणि जखमी डुकराच्या मागे झुडपात जायची वेळ माझ्या वैऱ्यावरही येऊ नये. थ्री-ओ-एट हवी. वजनदार गोळी, आत जाऊन पसरणारी, पण तुकडे न होणारी." मग म्हणाले, "माझी घे. नोएलकडे पडूनच आहे."

पद्मजा त्यांना घेऊन दुकानात गेली. नोएलनं आतून रायफल आणून काउंटरवर ठेवली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता वर्षानुवर्षं हाताळून काळपट झाला होता. गाल टेकायच्या जागी तर तो काचेसारखा गुळगुळीत होता. पद्मजानं ती उचलून खांद्याला लावली. मान पुढे ताणली तरी दुर्बिणीत पूर्ण गोल दिसेना, कडेला काळी चंद्रकोर येत राहिली. डावा हात नळीखाली पार लांब गेला आणि थोड्याच वेळात थरथरायला लागला. दस्ता कॉनच्या मापाचा होता, आणि कॉन तिच्याहून फूटभर तरी उंच होते.

"कापता येईल दस्ता," नोएल म्हणाला. "इंचभर, फार तर दीड इंच."

कॉनचा अंगठा लाकडावरून फिरत होता. ते म्हणाले, "काप मग."

मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची सवय पद्मजाला कधी लागलीच नव्हती. माहेरी "बघते" म्हणायचं, सासरी "करते" म्हणायचं आणि मग आपल्याला हवं ते गुपचूप करायचं, ही तिची रीत. पण हे प्रकरण गुपचूप करण्यातलं नव्हतं. रायफल एक तर मापाची असते, नाही तर नसते.

"कॉन, नको," ती म्हणाली. "कापूनही नळी जडच राहील. माझा हात हलेल. आणि हात हलला तर..."

"चाळीस वर्षं हललेली नाही ती."

"तुमच्या हातात नाही हलली."

नोएलनं मागच्या कपाटातून दुसरी थ्री-ओ-एट काढली. काळा प्लॅस्टिकचा दस्ता, आखूड नळी, दिसायला एखाद्या अवजारासारखी. पद्मजानं ती खांद्याला लावली आणि डोळा आपोआप दुर्बिणीमागे आला. गोल स्वच्छ दिसला. तिनं डोळे मिटले, पुन्हा खांद्याला लावली, उघडले. पुन्हा स्वच्छ.

"ही घेते मी," ती म्हणाली.

परतताना कॉन गाडीत खिडकीबाहेर बघत राहिले. घरापाशी उतरताना एवढंच म्हणाले, "तुझा खांदा, तुझी बंदूक." दार मात्र जरा जोरातच लागलं.

तरी शिकवणं त्यांनी सोडलं नाही. नव्या रायफलीचा परवाना यायला काही आठवडे लागणार होते. तेवढ्या दिवसांत त्यांनी खाद्याचं एक रिकामं पोतं गोठ्याच्या दारावर ताणलं आणि मेंढ्यांवर खूण करायच्या निळ्या स्प्रेनं त्यावर डुक्कर काढलं. चित्र ओबडधोबड होतं, पण खरं होतं.

"हरणाला कुठे मारतेस?"

"खांद्याच्या जरा मागे, मधोमध."

"तिथे मारलंस तर याचं पोट फुटेल, नाही तर गोळी वरच्या वर निघून जाईल." त्यांनी पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या भागात मुठीएवढा ठिपका काढला. "डुकराचं काळीज जरा पुढे असतं आणि बरंच खाली. दोन पायांच्या मध्ये लपल्यासारखं. पाठीवरचे केस उभे असतात ना, त्यांनी डोळा फसतो. जनावर आहे त्याहून उंच वाटतं. केस विसर. पुढचा पाय धर, त्याच्या मधून वर ये, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर थांब. बस्स. आणि ते आडवं उभं असेल तेव्हाच. समोरून नाही, मागून नाही, चालताना नाही."

परवाना हातात आल्यावर पद्मजानं क्लबात गोल खुणांचे कागद बाजूला ठेवले आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर डुकराची नुसती आकृती काढून नेली. ठिपका मागच्या बाजूला होता, समोरून काहीच दिसत नव्हतं. पहिल्या दिवशीच्या सगळ्या गोळ्या मागे आणि वर गेल्या, हरणाच्या सवयीनं. मग हळूहळू डोळा नवीन जागा शिकला. ऐंशी मीटरच्या पलीकडे आपण चाप ओढायचा नाही, हेही तिनं तिथेच स्वतःशी ठरवून टाकलं.

दरम्यान डुकरानं कॉनच्या बेस नावाच्या कुत्रीला फाडलं. मेंढ्या वळवताना ती झाडीच्या कडेला गेली आणि त्याच्या समोरासमोर आली. व्हेटनं टाके घातले, जीव वाचला, पण मागचा पाय कामातून गेला. कॉन तिला स्वयंपाकघरात शेगडीपाशी घोंगडीवर ठेवून हातानं भरवायचे. डुकराबद्दल बोलायचे तेव्हा त्यांचा आवाज फार शांत व्हायचा. पद्मजाला तो आवाज आवडला नाही.

स्प्रूसच्या झाडांच्या लागवडीच्या कडेला कॉननी पूर्वी हरणांसाठी बांधलेलं लाकडी मचाण होतं. दोघांना बसता येईल एवढं. वरून खाली मारलं की गोळी मातीत जाते, म्हणून जागा चांगली होती. एप्रिलच्या सुरुवातीच्या एका संध्याकाळी, उजेड भरपूर असताना, दोघं वर जाऊन बसले. समोर गवताचा उतार, डावीकडे गॉर्सची पिवळी काटेरी झुडपं, आणि उजवीकडे उतार चढत चढत एका धारेला मिळालेला. त्या धारेपलीकडे ब्रेनन कुटुंबाचं नवं घर. पद्मजाला त्याच्या छपराची कड आणि मुलांच्या ट्रॅम्पोलिनची जाळी दिसत होती.

डुक्कर आलं ते अगदी आवाज न करता. आधी झुडपांत एक काळोखा डाग होता, मग तो बाहेर आला. एवढं मोठं असेल असं तिला वाटलं नव्हतं. ते उकरत, फुसफुसत उतारावरून वर सरकत गेलं, कधी तिच्याकडे तोंड करून, कधी पाठ करून. पद्मजा गाल दस्त्याला लावून वाट बघत राहिली. शेवटी ते थांबलं आणि आडवं झालं. अंतर बेताचं होतं. पुढचा पाय स्वच्छ दिसत होता. पण ते थांबलं होतं नेमकं धारेवर, आणि त्याच्या पोटाखालून आकाश दिसत होतं.

"आता," कॉन कुजबुजले.

"मागे मोकळं आहे."

"मागे काही नाही. मार."

"घर आहे, कॉन."

"अगं, काही नाही तिथे! मार ना!"

तिचं बोट चापाच्या बाहेरच राहिलं. बेसचा पाय तिच्याही डोळ्यांपुढे होता. पण त्या धारेपलीकडे सुटलेली गोळी कुठे जाऊन थांबेल हे तिला माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही तिथे मारायचं नाही, हे कॉननीच तिला शिकवलं होतं. डुकरानं मान उचलली, हवेत काहीतरी हुंगलं आणि धारेपलीकडे उतरून गेलं.

तिनं रायफल रिकामी केली. कॉन शिडीवरून आधी उतरले. खाली उभं राहून, वर न बघता म्हणाले, "माझी बंदूक तुला जड होती. आता ही पण जड झाली वाटतं." आणि निघून गेले.

घरी इंद्रनील भात लावत होता. तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग बरोबर केलंस की तू."

"बरोबर केलं ते माहितेय रे मला. पण त्यांना दिसत होतं ना ते घर? त्यांच्या डोळ्यांदेखत बांधलंय ते. 'काही नाही तिथे' म्हणाले. रागात माणूस इतकं...?"

"राग असेल. कुत्री म्हणजे त्यांचं घरचं माणूस."

"मला त्यांची भीती वाटली आज," ती म्हणाली, आणि असं म्हटल्याचं तिचं तिलाच वाईट वाटलं.

पुढचे काही दिवस कॉनचा फोन आला नाही. कोकरं जन्मायला लागली होती. एका सकाळी कुंपणाजवळ नुकतंच जन्मलेलं एक कोकरू अर्धवट खाल्लेलं सापडलं, असं पोस्टमनकडून कळलं. पद्मजाचं कामात लक्ष लागेना. मीटिंगमध्ये लोक बोलत असायचे आणि तिला ते आडवं उभं डुक्कर दिसत राहायचं. मारलं असतं तर? शंभरात नव्याण्णव वेळा काहीच झालं नसतं. ते कोकरू वाचलं असतं, कॉन तिच्याशी बोलत असते. पण त्या उरलेल्या एका वेळेचं काय, हा हिशेब ती कितीही वेळा मांडायची तरी उत्तर तेच यायचं.

ती रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी कडेकडेनं चालत खुणा बघायला लागली. डुक्कर संध्याकाळी वरच्या अंगानं जात होतं, पण पहाटेनंतर परत येताना खालच्या ओहोळाकाठून येत होतं. ओल्या मातीत ठसे ताजे होते, एकावर एक. आणि ओहोळ मचाणाच्या अगदी समोर, खोलगट जागी. त्याच्या मागे मातीची उभी दरड होती.

तिनं कॉनचं दार वाजवलं.

"उद्या उजाडताना बसणार आहे मी. ओहोळाच्या बाजूला. तुम्ही याल?"

कॉन दारात उभे होते. दाढी वाढलेली. ते म्हणाले, "चहा मी आणतो."

उजाडलं तेव्हा हवेत धुकं होतं, पण झिरझिरीत. या खेपेला कॉन वर चढल्यावर आपण होऊन दुसऱ्या बाजूला बसले, तिच्या उजवीकडे. तिनं सरकून जागा करून दिली. ओहोळाचं पाणी वाजत होतं. मागे कुठेतरी मेंढ्या ओरडत होत्या.

डुक्कर ओहोळाकाठून आलं, थकल्यासारखं, घाई नसलेलं. पाण्यापाशी थांबून प्यायलं. तोंड तिच्याकडे होतं. पद्मजा थांबली. कॉनही थांबले, त्यांच्या श्वासाचासुद्धा आवाज येत नव्हता. पाणी पिऊन झाल्यावर ते वळलं, दोन पावलं टाकली, आणि काहीतरी खायला खाली मान घातली. आडवं. पुढचा पाय किंचित पुढे. मागे दरड.

पाय धर. मधून वर ये. केस विसर.

तिनं श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

डुक्कर उसळलं, आणि आश्चर्य म्हणजे धावलं. सरळ, वेगानं, काठावरच्या वाळल्या नेच्यांमध्ये घुसलं. काटक्या मोडल्याचा आवाज आला आणि मग सगळं थांबलं. पद्मजानं बोल्ट ओढून दुसरी गोळी आत घेतली आणि उठायला लागली.

कॉननी तिची बाही धरली. "बस."

"जखमी झालंय ते. मी मागे..."

"बस म्हणतो ना. काळजात गोळी लागूनही धावतं ते. मेल्याचं त्याचं त्याला कळायला वेळ लागतो. आणि मेलं नसेल, तर आत्ता खाली जाणं हा मूर्खपणा आहे." त्यांनी थर्मासचं झाकण काढलं. "चहा घे. कप रिकामा होईपर्यंत कुणी उतरायचं नाही."

ती छोटे छोटे घोट घेत राहिली. कॉन नेच्यांकडे कान लावून बसले होते. काहीच हललं नाही. चहा संपल्यावर दोघं उतरले, ती पुढे रायफल तयार धरून, ते बाजूनं लांब काठी घेऊन. रक्त भडक लाल होतं, फेसाळ, आणि भरपूर. डुक्कर नेच्यांत आत पालथं पडलेलं होतं. कॉननी काठीच्या टोकानं डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही. मगच ते गुडघ्यावर बसले आणि केस बाजूला करून जखम पाहिली. पायाच्या रेषेत, खाली. त्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि तसेच बसून राहिले.

पद्मजाला वाटलं होतं की आपल्याला आनंद होईल, निदान सुटल्यासारखं वाटेल. झालं एवढंच की ती ओल्या गवतात तशीच बसली. सुंदर जनावर होतं ते, चिखलानं माखलेलं, सुळे पिवळट. कुणीतरी हौसेनं आणलं होतं, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता.

"मी परवा धारेवर गेलो होतो," कॉन म्हणाले. ते डुकराकडेच बघत होते. "तू म्हणालीस ते बघायला. ब्रेननची मुलं उड्या मारत होती त्या जाळीत. मग मी खाली येऊन मचाणावर चढलो. जिथे बसलो होतो तिथेच बसलो, जिथे बघत होतो तिकडेच बघितलं. घर नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे नव्हतं. आकाश होतं. डोकं पार वळवलं तेव्हा घर आलं. पुन्हा सरळ बघितलं तर गेलं." त्यांनी उजवा हात कानापासून पुढे पुढे आणला, नाकासमोर आल्यावर थांबवला. "इथपर्यंत काही नाही. अंधार असता तर समजलं असतं. अंधारही नाही. नुसतं नाहीच. मी तुला खोटं सांगत नव्हतो, पद्मजा. मला खरंच तिथे काही दिसत नव्हतं."

'द्म'चा उच्चार त्यांना कधीच नीट जमला नव्हता. आजही जमला नाही. पद्मजाला आता उमगलं. मचाणावर त्या संध्याकाळी आपण ज्याला राग समजलो, ज्याची आपल्याला भीती वाटली, ते हे होतं.

"किती दिवस असं?"

"झटक्यापासूनच असणार. शेतातल्या क्वाड-बाइकवरून दोनदा फाटकाला धडकलो. फाटक अरुंद आहे म्हणालो." ते स्वतःशीच थोडं हसले. "कप सांडायचा तर म्हणायचो, कुत्रीनं धक्का दिला."

कामं होती. नोएलच्या भावाला ट्रेलर घेऊन बोलवायचं होतं. व्हेटला फोन करायचा होता, कारण असल्या डुकराचं मांस तपासल्याशिवाय खाऊ नये असं रेंजरनं बजावलं होतं. पद्मजाला मीटिंग होती. ती रायफल रिकामी करून पिशवीत घालत होती, तेव्हा कॉन काठीचा आधार घेत उठले.

"किलकेनीच्या हॉस्पिटलात डोळ्यांची तारीख पुन्हा मागायला हवी," ते म्हणाले. "दिली तर येशील बरोबर?"

"येईन. गाडी आहेच."

"गाडीसाठी नाही म्हणत मी. बस आहे की." ते जरा अडखळले. "एकटा गेलो तर डॉक्टरला सांगेन, ग्रँड आहे. मला ठाऊक आहे ना मी कसा आहे. तू शेजारी बसलीस तर तसं म्हणू देणार नाहीस."

"नाही देणार," पद्मजा म्हणाली.

कॉननी मान हलवली. मग ते ओहोळाच्या वाटेनं निघाले. काही पावलं गेल्यावर थांबले, डोकं पूर्ण उजवीकडे वळवून वाट नीट पाहून घेतली आणि पुढे चालू लागले. पद्मजानं पिशवी खांद्याला अडकवली आणि भरभर चालत जाऊन त्यांच्या उजव्या बाजूनं चालायला लागली.